कोयनेची साक्ष आणि हातातला कॅमेरा

कोयनेचे धरण महाराष्ट्राला चित्रांतून ठाऊक आहे. १०३ मीटर उंचीची आणि ८०७ मीटर लांबीची ती भिंत, दरवाज्यांतून कोसळणारे पाणी, पोफळीच्या भूमिगत विद्युतगृहातील जनित्रे ही दृश्ये शालेय पुस्तकांपासून सरकारी दिनदर्शिकांपर्यंत सर्वत्र आढळतात. १९६० मेगावॅट वीज निर्माण करणाऱ्या या प्रकल्पाने राज्याच्या उद्योगधंद्यांना बळ दिले, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु शिवसागर जलाशयाच्या तळाशी जी गावे गेली, त्यांची देवळे, खळी, पाणवठे आणि तेथून बैलगाडीत संसार घालून निघालेली माणसे यांची चित्रे कोणाच्या परिचयाची आहेत? भिंतीचा इतिहास चित्रित झाला. भिंतीमागच्या माणसांचा इतिहास तोंडी राहिला. आणि तोंडी इतिहास सांगणारी पिढी आता झपाट्याने संपत आहे. पाणी चढले तेव्हा जी मुले दहा-बारा वर्षांची होती, त्यांनी आज पंचाहत्तरी ओलांडली आहे.

चित्रीकरणाच्या तंत्रात गेल्या पंधरा-वीस वर्षांत जी क्रांती झाली, तिची चर्चा बहुधा मनोरंजनाच्या व्यवसायापुरती होते. आमच्या मते या तंत्राचा खरा प्रश्न कोयनानगरसारख्या ठिकाणी उभा राहतो. २०१८ च्या प्रारंभी डॉ. भारत पाटणकर यांच्या नेतृत्वाखाली श्रमिक मुक्ती दलाने कोयनानगरला प्रकल्पग्रस्तांचे दीर्घ ठिय्या आंदोलन केले. अशा कोणत्याही आंदोलनात आज शेकडो हात मोबाइल उंचावलेले दिसतात. पण त्या चित्रणाचे पुढे काय होते? ते मित्रमंडळींना पाठवले जाते, दोन दिवस फिरते आणि नवा मोबाइल घेतला की नाहीसे होते. यंत्र हाती आले, एवढ्याने स्मृतीची मालकी हाती येत नाही. हा भेद आमच्या कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतला पाहिजे.

चित्रपटाचे तंत्र आपल्या प्रदेशाला उपरे नाही. १८९९ मध्ये सावेदादा ऊर्फ हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी मुंबईत कुस्तीचे चित्रण केले आणि १९०१ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या स्वागताचे. कोयनेपासून फार दूर नसलेल्या कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंनी चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडवण्याचा ध्यास घेतला. आनंदरावांच्या अकाली निधनानंतर बाबूरावांनी तो पुरा केला. त्याच बाबूरावांनी १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढून कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची कहाणी पडद्यावर आणली. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम होते. भारतीय चित्रपटातील वास्तववादाचा आरंभ म्हणून ज्याचा उल्लेख होतो, तो हा मूकपट आज पाहावयास मिळत नाही. त्याची प्रत टिकली नाही. जे यंत्र स्वतःच्या हाताने घडवले, त्याने टिपलेले चित्र जपण्याची व्यवस्था मात्र उभी राहिली नाही, हा पहिला धडा.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये केंद्र सरकारने फिल्म्स डिव्हिजन स्थापन केले. त्याचे अनुबोधपट चित्रपटगृहांत मुख्य खेळापूर्वी दाखवणे अनेक वर्षे बंधनकारक होते. धरणे, पोलाद कारखाने आणि पंचवार्षिक योजना यांचे दर्शन खेड्यापाड्यांतील प्रेक्षकांना याच मार्गाने घडले. त्या दर्शनात विस्थापिताला फारशी जागा नव्हती. यात केवळ हेतूचा दोष पाहणे अपुरे होईल. तंत्राचे अर्थकारणही पाहिले पाहिजे. सोळा मिलिमीटरच्या कच्च्या फिल्मचे ४०० फुटांचे रीळ अवघी अकरा मिनिटे चालते. ती फिल्म महाग आणि दुर्मीळ होती. त्यावर कॅमेरा, ध्वनिमुद्रण, रासायनिक प्रयोगशाळा आणि संकलन यांचा खर्च. ज्याच्याकडे खजिना, त्याच्याकडे कॅमेरा. आणि अकरा मिनिटांच्या रिळाला भिंतीचे बांधकाम किंवा उद्घाटनाचा क्षण सोयीचा असतो. विस्थापन तीस-चाळीस वर्षे चालते. कोयनेला १९९९ आणि २०१२ मध्ये जलाशयाच्या तळाशी स्फोट करून पाणी बोगद्यात घेण्यात आले. तो क्षण काही सेकंदांचा. सातबाऱ्यावर नाव लागावे म्हणून तहसील कचेरीत घातलेल्या खेपांना असा क्षणच नसतो.

तरीही साधने अपुरी असताना ज्यांनी ही कोंडी फोडली, त्यांचे स्मरण केले पाहिजे. १९७४ च्या बिहार आंदोलनाचे चित्रण आनंद पटवर्धन यांनी सुपर-आठ या हौशी माणसांच्या कॅमेऱ्याचाही आधार घेऊन केले आणि आणीबाणीत त्या ‘क्रांती की तरंगें’ची प्रत तुकड्यातुकड्यांनी देशाबाहेर न्यावी लागली. १९८० मध्ये सुरू झालेल्या युगांतर या स्त्रियांच्या चित्रपटगटाने पुण्यातील घरकामगार स्त्रियांवर ‘मोलकरीण’ आणि निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांवर ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हे अनुबोधपट काढले. कामगार स्त्रियांशी दीर्घ संवाद करून, त्यांच्याच शब्दांतून ते उभे राहिले. परंतु या चित्रपटांचे जतन आणि डिजिटल रूपांतर बर्लिनच्या आर्सेनल या संस्थेच्या साहाय्याने झाले. निपाणीच्या स्त्रियांचा आवाज जपण्यासाठी जर्मनीचा आधार घ्यावा लागला. त्या संस्थेचे आभार मानावेत. आपल्या चळवळीने मात्र अंतर्मुख व्हावे.

आज रीळ नाही, प्रयोगशाळा नाही, परवाना नाही. तासन् तास चित्रण करण्याचा खर्च नाममात्र झाला आहे. पण नव्या साधनांबरोबर नवा नाशही आला. पुण्यात २००३ च्या जानेवारीत लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्मचा मोठा साठा भस्मसात झाला, तेव्हा निदान धूर दिसला. व्हिडिओ कॅसेट बुरशीने आणि चुंबकीय थर झिजल्याने मरते. ती चालवणारी यंत्रे बनवणारा जगातील अखेरचा कारखानाही २०१६ मध्ये थांबला. चळवळींच्या ज्या सभा, मोर्चे १९८० नंतर कॅसेटवर मुद्रित झाले, त्या कॅसेटी आज कपाटांत मुक्या पडल्या आहेत. मोबाइलमधील चित्रण तर कोणताही आवाज न करता नष्ट होते. आणि जे समाजमाध्यमांवर ठेवले जाते, ते परक्या कंपन्यांच्या गोदामात त्यांच्या मर्जीने राहते. जमीनदाराच्या वाड्यात ठेवलेले धान्य आपले म्हणणे जितके खरे, तितकेच हे चित्रण आपले म्हणणे.

येथे काही सहकारी आक्षेप घेतील की, लढा रस्त्यावर लढायचा असतो. चित्रे काढीत बसणे हा मध्यमवर्गीय छंद आहे. आक्षेप अगदीच निराधार नाही. नेत्याच्या भाषणाचे तीस सेकंदांचे तुकडे फिरवण्यालाच कार्य समजणारी प्रवृत्ती आमच्यातही शिरली आहे. परंतु कोयनेच्या प्रश्नाचे स्वरूपच असे आहे की, तेथे साक्ष हाच लढ्याचा पाया आहे. राज्याचा पुनर्वसन कायदा १९७६ मध्ये आला. कोयनेची माणसे त्याच्या कितीतरी आधी उठवली गेली. त्यांची पांगापांग अनेक जिल्ह्यांत झाली. पुढे ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त केले, पावणेदोनशेहून अधिक माणसे दगावली. अशा उलथापालथीत कागद टिकतात किती? आणि कागदावर खातेदाराचे नाव असते. भूमिहीनाचे, वाटेकऱ्याचे, घरातील स्त्रीचे नाव त्यावर कधी आलेच नाही. ती नावे ज्यांना तोंडपाठ आहेत, त्यांचे बोलणे टिपणे हे या लढ्याचेच काम आहे.

शिवाय कायद्यानेही या कामाला नवे महत्त्व दिले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात दाखल करताना विहित प्रमाणपत्र जोडावे लागते आणि त्यात त्या फाइलीचे हॅश मूल्य नमूद करावे लागते. हॅश म्हणजे फाइलीवरून गणिताने काढलेला अक्षर-अंकांचा ठसा. फाइलीत तिळमात्र फरक झाला तरी तो ठसा बदलतो. जिवंत माणसाच्या तोंडी न बोललेली वाक्ये घालणारी चित्रे आज यंत्र तयार करू शकते. अशा काळात मूळ चित्रण कोणते, हे सिद्ध करता आले नाही तर खऱ्या साक्षीलाही बनावट ठरवणे सत्ताधाऱ्यांना सोपे जाईल.

म्हणून पाटण, जावळी तालुक्यांतील आणि पुनर्वसित वसाहतींतील कार्यकर्त्यांना आमची सूचना आहे. प्रत्येक वसाहतीतील वृद्ध स्त्री-पुरुषांची यादी करा आणि सर्वांत वयस्करांपासून आरंभ करा. मोबाइल आडवा धरून तिकाटण्यावर स्थिर ठेवा. चेहऱ्याइतकेच आवाजाला जपा. पंचवीस-तीस फुटांवरून टिपलेले शब्द वाऱ्यात विरतात, यासाठी साधा कॉलर माइक पुरेसा आहे. प्रथम त्यांची संमती घ्या. मग त्यांना स्वतःचे नाव, मूळ गाव आणि चित्रणाची तारीख उच्चारावयास सांगा आणि मध्ये न थांबता बोलू द्या. मूळ फाइलीला कात्री लावू नका. ती व्हॉट्सॲपने पाठवू नका. त्यात चित्राचा दर्जा घटतो आणि फाइलीतील मूळ तपशील गळतात. तारेने संगणकावर उतरवून त्याच दिवशी हॅश नोंदवा. तीन प्रती करा, त्या दोन वेगळ्या गावी ठेवा, दर वर्षी उघडून पाहा आणि एक प्रत त्या कुटुंबाला द्या. या कामाला लागणारा खर्च एका मध्यम सभेच्या मांडवाहून अधिक नाही.

राज्य सरकारकडे आमची मागणी स्वतंत्र आहे. कोयना प्रकल्पासंबंधी शासकीय दप्तरांत जे काही चित्रण आणि छायाचित्रे असतील, ती प्रकल्पग्रस्तांना विनामूल्य उपलब्ध व्हावीत. केंद्राने २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजन आणि पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय यांचे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीनीकरण केले. जनतेच्या पैशातून निर्माण झालेला तो संग्रह बाजाराच्या हिशेबाने हाताळला जाऊ नये. जी गावे धरणासाठी पाण्याखाली गेली, त्यांच्या चित्रांची किंमत त्यांच्याच वारसांकडून वसूल करणे सभ्य शासनाला शोभणारे नाही.

येत्या उन्हाळ्यात जलाशयाचे पाणी खाली जाईल, तेव्हा किमान दहा वसाहतींत हे काम सुरू झालेले असावे. ज्यांचे बोलणे टिपायचे आहे, त्यांच्यापाशी वाट पाहण्याइतके उन्हाळे उरलेले नाहीत.