दोन बोटे खाली

न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीने, आक्काने, औषधांच्या दुकानात फ्लूची लस घेतली. (तिकडे फार्मासिस्टच लस टोचतो.) रात्री खांदा ठणकू लागला. लस म्हटली की हात दुखायचाच, म्हणून ती गप्प राहिली. सात महिने झाले तरी अंबाडा घालता येईना, तेव्हा भाच्याचा फोन आला, ‘‘मामा, तू बँकेत होतास. कागद बघ जरा.’’

सुई दंडाच्या स्नायूत जायची, खांद्याच्या हाडापासून दोन-तीन बोटे खाली. वर टोचली तर लस सांध्यालगतच्या पिशवीत शिरते, सूज येते, खांदा आखडतो. लस चांगलीच असते. चुकतो तो हात.

अमेरिकेने १९८६ साली अशा दाव्यांसाठी कायदा केला. डोसमागे, रोगागणिक ७५ सेंट कर घेऊन निधी उभारला. खांद्याची ही दुखापत त्या कायद्याच्या यादीत २०१७ साली आली. चूक कुणाची, हे सिद्ध करावे लागत नाही. दावा प्रामाणिक आणि सकारण असेल तर हरल्यावरही वकिलाची फी निधीतूनच मिळू शकते. मात्र दुखणे ४८ तासांत सुरू व्हायला हवे, सहा महिन्यांहून अधिक टिकायला हवे आणि दावा तीन वर्षांत दाखल व्हायला हवा.

इथेच घोडे अडले. आक्का डॉक्टरांकडे गेली ती तीन महिन्यांनी, आणि त्यांनी लिहिले, ‘काही आठवड्यांपासून वेदना’. एका ढिल्या शब्दापायी खरी माणसे खोटी ठरलेली मी कर्जाच्या फायलींत पुष्कळ पाहिली आहेत. शेवटी आधार सापडला आमच्याच घरात. लशीच्या दुसऱ्या दिवशी तिने माझ्या बायकोला व्हॉट्सॲपवर लिहिले होते, ‘काल लस घेतली. उजवा हात वर जात नाही. पोळ्या ह्यांनी लाटल्या.’ भाऊजींच्या पोळ्यांची आम्ही तेव्हा थट्टा केली होती. तोच निरोप आता वकिलाच्या फायलीत आहे.

आपल्याकडे अशा माणसाने ग्राहक आयोगात जायचे, तेही दोन वर्षांच्या आत, आणि निष्काळजीपणा सिद्ध करायचा. सर्वांनाच फुकट उपचार देणारे सरकारी दवाखाने तर सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५च्या निकालाप्रमाणे त्या कायद्याच्या कक्षेबाहेर. लस आपण शेजाऱ्याच्या पोरासाठीही घेतो. मग क्वचित कुणाचा हात गेला, तर त्याचा भार त्याने एकट्याने का सोसावा? चूक न शोधता भरपाई देणारा निधी इथेही, प्रत्येक लशीसाठी, कायद्यानेच हवा.

आक्काचा दावा अजून चालू आहे. यंदाही तिने लस घेतली, डाव्या हातावर. बाही पुरती वर सारून, खुर्चीत बसून, आणि फार्मासिस्टला आधी जागा दाखवून.