आधी ऊन, मग घास

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या घरच्या कासवाने खाणे सोडले. पुण्यात रात्रीचा पारा दहाच्या आसपास घुटमळत होता. पहिले दोन-तीन दिवस कोणाच्या लक्षात आले नाही. चौथ्या दिवशी टाकीत खाण्याच्या गोळ्या फुगून तरंगताना दिसल्या आणि घरात धावपळ सुरू झाली. कोणी सुका जवळा आणला, कोणी कोळंबी सोलून त्याच्या तोंडापुढे धरली, कोणी गाजर किसले. चमच्याच्या दांड्याने हलकेच तोंड उघडून घास ठेवावा, असेही एका नातेवाइकांनी सुचवले. त्यांच्या मनात मायाच होती. आपल्याकडे माया पानात वाढली जाते. आजाऱ्याला मऊ भात, बाळंतिणीला डिंकाचे लाडू, आणि नको म्हणणाऱ्याला आणखी एकदा आग्रह.

या प्राण्याच्या बाबतीत तो आग्रह करावा का, आणि केला तर केव्हा, यावर पाळणाऱ्यांमध्ये दोन टोकाची मते आहेत. एक बाजू म्हणते, थांबा, भूक लागली की खाईल. दुसरी म्हणते, तोंड उघडून भरवा, नाहीतर मरेल. दोन्ही बाजूंकडे अनुभव आहे. दोन्ही बाजूंच्या हातून प्राणी दगावलेलेही आहेत.

आपल्याकडे घरोघरी दिसणारे हे कासव म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर. डोळ्यामागे लाल पट्टा, हिरवी पाठ, विकत घेताना जेमतेम रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे. ते मूळचे अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. मादीची पाठ पुढे वीतभराहून मोठी होते आणि नीट सांभाळले तर हा प्राणी वीस-तीस वर्षे जगतो. दुकानात यातले काहीच सांगितले जात नाही. एक काचेचे भांडे, मूठभर रंगीत खडे आणि गोळ्यांची डबी देऊन बोळवण होते. बहुतेक उपासमारीची सुरुवात तिथेच झालेली असते.

थांबा म्हणणाऱ्यांची बाजू आधी पाहू, कारण ती शरीरशास्त्राला धरून आहे. सरपटणारे प्राणी आपल्यासारखी अन्न जाळून अंगात ऊब तयार करत नाहीत, ती बाहेरून घेतात. म्हणूनच तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याला जेवढे अन्न लागते, त्याच्या साधारण एक दशांशावर त्यांचे भागते. आफ्रिकेतला बॉल पायथन पाळलेला असतानाही महिनोनमहिने खात नाही आणि वजनात फारसा उतरत नाही. स्लायडरचे पाणी चोवीस ते अठ्ठावीस अंशांवर असेल आणि अंग शेकायला तीस-पस्तीस अंशांची कोरडी जागा असेल, तर त्याचे पोट चालते. पाणी वीसच्या खाली गेले की भूक मरते, आणि ते योग्यच असते. थंड पोटात पाचक रस काम करत नाहीत. अशा वेळी बळेच घातलेला घास पचत नाही, आत कुजतो. आपण ज्याला हट्ट म्हणतो तो त्या जिवाचा बचाव असतो.

नको त्याला नको ते भरवणे म्हणजे काय, हे महाराष्ट्राने नागपंचमीला पिढ्यानपिढ्या पाहिले आहे. गारुडी नागाला दिवसेंदिवस उपाशी-तहानलेला ठेवत. मग तो वाटीतल्या दुधाला तोंड लावी आणि लोक हात जोडत. साप दूध पचवू शकत नाही. तहानेने प्यायलेले दूध त्याच्या पोटात बिघडते, कधी श्वासनलिकेत जाते. श्रद्धा खरी होती, वाटी धरणाऱ्या बाईचे मनही निर्मळ होते, आणि साप तरीही मरत होता. कासवाच्या तोंडात चमचा घालताना मला ती वाटी आठवते.

तरीही मी थांबा म्हणणाऱ्यांच्या बाजूने पूर्ण उभा राहत नाही. त्यांचे शास्त्र घरात आले की फार सोयीचे होते. ‘थंडी आहे, खाईल उन्हाळ्यात’ या एका वाक्यावर आठवडे निघून जातात. निसर्गात हा प्राणी हिवाळ्यात सुस्त पडून राहतो हे खरे, पण तो शरद ऋतूत भरपूर खाऊन, धडधाकट अंगाने, खऱ्या गार पाण्यात. आपल्या घरातले पाणी अठरा-वीस अंशांवर अडकलेले असते. एवढ्या उबेत अंगातली चरबी जळत राहते, पण पचायला ती ऊब पुरत नाही. तो झोपतही नाही आणि जेवतही नाही. अशी अवस्था लांबली की यकृतात चरबी साठते, स्नायू झिजतात, आतड्याचे अस्तर पातळ होते, आणि मग ऊन पडले तरी भूक परत येत नाही.

शिवाय न खाण्याचे कारण दरवेळी थंडीच असते असे नाही. जीवनसत्त्व अ कमी पडले की स्लायडरच्या पापण्या सुजून डोळे बंद होतात, आणि जे दिसत नाही ते तो खात नाही. वर्षभर नुसत्या सुक्या जवळ्यावर वाढवलेल्या पिलांत हे नेहमी दिसते. पोहताना एका अंगाला कलणे, नाकातून बुडबुडे येणे, मान ताणून तोंडाने श्वास घेणे ही न्यूमोनियाची लक्षणे आहेत. मादीच्या पोटात अंडी अडकलेली असू शकतात. नर जवळ नसतानाही ती अंडी धरते, हे कित्येकांना ठाऊक नसते. टाकीतले रंगीत खडे गिळल्यानेही आतडे तुंबते. यातल्या कशावरही वाट पाहणे हा उपचार नाही.

या दोन्ही बाजू तोलताना माझ्या हाताला लागले ते एवढेच, की भांडण भरवावे की नाही याचे नाहीच, क्रमाचे आहे. पहिली द्यायची गोष्ट ऊब. पाण्यात थर्मामीटर सोडावा. हात घालून अंदाज घेऊ नये, कारण आपल्या हाताला जे कोमट लागते ते कासवाला गारच असू शकते. पाणी एकदम तापवू नये, हीटर लावून दोन-तीन दिवसांत हळूहळू वर आणावे. शेकायला कोरडा दगड किंवा फळी आणि वर दिवा हवा. उन्हाबद्दल एक गैरसमज घट्ट बसला आहे. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन ऊब देते, पण ज्या अतिनील (यूव्हीबी) किरणांनी कातडीत जीवनसत्त्व ड तयार होते ते काच अडवते. ते नसेल तर कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडे आणि पाठ मऊ पडते. म्हणून सकाळचे थेट ऊन, गॅलरीत, अर्धा भाग सावलीत ठेवून आणि कोणीतरी जवळ बसून. यूव्हीबीचा दिवा वापरत असाल तर तो सहा महिने ते वर्षभरात निकामी होतो, जरी तो उजेड पहिल्यासारखाच देत असला तरी.

मग पाणी. उपाशी प्राणी बहुधा शुष्कही असतो. डोळे खोल जातात, तोंडात चिकट लाळ येते. रोज वीस-पंचवीस मिनिटे उथळ कोमट पाण्यात ठेवले की बरीचशी कासवे स्वतःहून पितात. आणि मग वजन. ग्रॅम दाखवणारा काटा आणावा, फक्त कासवासाठी, कारण त्याच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात आणि स्वयंपाकघराशी त्याचा संबंध नको. याच जंतूमुळे अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान पाठीची कासवे विकण्यावर बंदी घातली. मुले ती तोंडात घालत होती. दर आठवड्याला एक आकडा वहीत लिहावा. कासव धडधाकट असेल, हिंडत असेल आणि आकडा हलत नसेल, तर थांबणारे बरोबर. वजन दहा टक्क्यांनी उतरले किंवा वरचे एकही लक्षण दिसले, तर त्यांचे ऐकू नये. आमच्याकडे आधीचा एकही आकडा लिहिलेला नव्हता. तीन वर्षे कासव पाळूनही ते किती उतरले हे आम्ही डॉक्टरांना सांगू शकलो नाही. ती चूक आमची.

आता भरवण्याविषयी. इथे घाई दोन तऱ्हांनी मारते. बराच काळ उपाशी असलेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न गेले की रक्तातले फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने पेशींत ओढले जाते आणि हृदय बंद पडू शकते. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या उपाशी कैद्यांवर हे डॉक्टरांनी पाहिले, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांतही तेच घडते. म्हणून पहिले काही दिवस गरजेच्या निम्म्याहूनही कमी, पातळ, आणि ऊब व पाणी दिल्यानंतरच. दुसरा धोका हाताचा. स्लायडरची जीभ तळाला चिकटलेली असते. तो पाण्याखालीच नीट गिळतो, आणि श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या बुडाशीच असते. कोरड्यावर धरून सिरिंजने सोडलेले मिश्रण फुप्फुसात जायला वेळ लागत नाही. चोच फाकवताना जबडा मोडतो. दुकानात मिळणारे जीवनसत्त्वाचे थेंब आणि कोणाच्या सांगण्यावरून टोचलेली सुई याही बाबतीत हेच. जीवनसत्त्व अ जास्त झाले तर कासवाची कातडी सोलून निघते.

खरोखर भरवायची वेळ आलीच, तर जाणते डॉक्टर भूल देऊन मानेच्या बाजूने अन्ननलिकेत बारीक नळी बसवतात. ऐकायला हे क्रूर वाटते. आमच्याही घरी त्या शब्दावर शांतता पसरली. पण रोज दोन वेळा घट्ट धरून तोंड उघडण्यापेक्षा नळी त्या जिवाला किती तरी सोपी. ती असताना तो पोहतो, ऊन खातो, आणि भूक परतली की नळीसकट स्वतः खायला लागतो. या ठिकाणी भरवा म्हणणारे बरोबर आहेत, फक्त तो हात शिकलेला हवा.

असा हात सापडणे अवघड आहे, ही तक्रार खोटी नाही. आपले पशुवैद्यक उभे राहिले ते गाय, बैल, घोडे यांच्यासाठी. मुंबईतल्या परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचे, पण कासव तपासणारे डॉक्टर आजही मोठ्या शहरांतच मोजके. सातारा-जळगावच्या माणसाने काय करावे? त्याने निदान कासव उबदार खोक्यात घालून एकदा मोठ्या शहरात न्यावे, आणि पुढचा सल्ला तिथल्या डॉक्टरांकडून फोनवर घेत राहावा. ‘चारशे रुपयांच्या कासवावर चार हजार कशाला’ असे विचारणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. पण दुकानातली किंमत त्या जिवाने ठरवलेली नसते.

याच टप्प्यावर अनेक घरांत तिसरा मार्ग निघतो, तो म्हणजे तळ्यात सोडून देणे. ‘तिथे त्याला मोकळे वाटेल, खाईल.’ दुबळे कासव तिथे मरते. सुदृढ असले तर आपल्या देशी कासवांच्या उन्हाच्या जागा आणि अन्न बळकावते. जगातल्या शंभर सर्वांत घातक परक्या प्रजातींच्या यादीत स्लायडरचे नाव आहे, आणि युरोपीय संघाने १९९७ मध्ये त्याची आयात थांबवली. न पेलणाऱ्याने दुसरे घर शोधावे, तळे नाही. आणि घरात असलेले कासव जर पाठीवर चांदण्या असलेले असेल, तर ते पाळणेच गुन्हा आहे. घरगुती उपचार करत न बसता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा.

आमच्या कासवाला नळी लागली नाही. हीटर आला, गॅलरीत ऊन मिळाले, डॉक्टरांनी दोनदा पातळ द्रव टोचला, आणि पहिले अकरा दिवस आम्ही टाकीत काहीच टाकले नाही. ते अकरा दिवस घरातल्या मोठ्या माणसांना फार जड गेले. बाराव्या सकाळी शेकून उतरलेल्या कासवाने पाण्यात धरलेल्या कोळंबीच्या बारीक तुकड्याकडे मान वळवली, थोडे थांबले आणि तो ओढून घेतला. आई दुसरा तुकडा घेऊन उभीच होती. तिने तो हातात तसाच ठेवला आणि टाकीचे झाकण लावले.