निवडक बारा गाणी

लोकप्रिय गायकाची गाजलेली गाणी एकत्र करून त्यांची नवी ध्वनिमुद्रिका काढणे, हा पाश्चात्त्य संगीतव्यवसायातील जुना परिपाठ आहे. गाणी तीच, वेष्टन नवे; खर्च थोडा आणि खप बहुधा हमखास. त्यामुळे जाणकार रसिक अशा संग्रहाकडे केवळ बाजारातील जिन्नस म्हणून पाहतात. क्वचित मात्र असा संग्रह गायकाच्या आयुष्यातील वळणावर उभा असतो. १९७५ साली निघालेला कॅट स्टीव्हन्स यांचा ‘ग्रेटेस्ट हिट्स’ हा संग्रह त्यांपैकी एक होय.

स्टीव्हन्स यांचा जन्म १९४८ सालचा, लंडनमधला. वडील सायप्रसचे ग्रीक, आई स्वीडनची. घरचा व्यवसाय उपाहारगृहाचा. विशी गाठण्यापूर्वीच त्यांना कीर्ती लाभली आणि पुढे क्षयाने त्यांना अंथरुणास खिळविले. त्या सक्तीच्या विश्रांतीत मन आत वळले. संग्रहातील बाराही गाणी या आजारानंतरची आहेत. १९६७ साली इंग्लंडमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचलेले ‘मॅथ्यू अँड सन’ हे आधीच्या कंपनीकडील गाणे येथे नाही. व्यवहाराने घातलेली ही मर्यादा. पण तिच्यामुळे बदललेला माणूसच तेवढा संग्रहात उरला.

त्या बारांत ‘फादर अँड सन’ हे पिता-पुत्रांच्या संवादाचे गाणे आहे. रशियन क्रांतीवरील एका संगीतनाटकासाठी ते योजिले होते. नाटक राहून गेले, गाणे उरले. दोन्ही भूमिका स्टीव्हन्स एकटेच गातात : पित्यासाठी खालचा स्वर, पुत्रासाठी चढा. पिता म्हणतो, धीर धर, स्थिरस्थावर हो. पुत्र म्हणतो, मला जायलाच हवे. दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नाही, आणि कोणीही दुसऱ्याचे ऐकत नाही. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी हा संवाद स्वरांवाचून झालेला असेल.

संग्रह निघाल्यावर दोनच वर्षांनी, १९७७ साली, स्टीव्हन्स यांनी इस्लामचा स्वीकार केला. पुढे ते युसुफ इस्लाम झाले. १९७८ मध्ये जुन्या नावाचा शेवटचा गीतसंच आला आणि १९७९ साली त्यांनी आपल्या गिटारी धर्मादाय कार्यासाठी लिलावात विकल्या. १९८३ साली त्यांनी लंडनमध्ये मुलांसाठी शाळा काढली. ऐकणाऱ्यांच्या घरोघरी ती बारा गाणी वाजत होती. ज्याने ती गायिली, त्याच्या घरात मात्र गिटार नव्हती.

बऱ्याच वर्षांनी ती परत आली, तीही मुलाच्या हातून. मुलाने गिटार घरी आणली आणि एके दिवशी पित्याने ती हाती घेतली. २००६ साली, अठ्ठावीस वर्षांच्या खंडानंतर, त्यांचा नवा गीतसंच प्रसिद्ध झाला. २०२० साली त्यांनी ‘फादर अँड सन’ पुन्हा सादर केले, तेव्हा पुत्राचे शब्द १९७० मधील त्यांच्याच जुन्या मुद्रणातून घेतले आणि पित्याचे शब्द सत्तरी ओलांडलेल्या कंठाने गायिले. ऐन तारुण्यात आवाज मुद्दाम खाली उतरवून त्यांनी जो पिता उभा केला होता, तो आता नुसत्या वयानेच उभा राहिला.

सुजाण वाचकहो, संग्रह काढणारा आज जे मोलाचे वाटते ते निवडतो आणि खाते बंद करतो. आयुष्य ते खाते पुन्हा उघडते. मुलाने वेगळी वाट धरली की आपण त्याच्या आजवरच्या निवडक गुणांचा संग्रह मनात लावून ठेवतो आणि तेवढाच तो, असे मानू लागतो. जो निघाला आहे त्याला निरोप देताना दार मात्र लोटून घेऊ नये. आपण विकून टाकलेली एखादी गिटार तोच उद्या घरी घेऊन येईल.