तिचंच ऑपरेशन कशाला?

पुरुष नसबंदीचा पंधरवडा चालू आहे. दरवर्षी असतो, २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर. नगरच्या नागापूर-बोल्हेगाव वस्त्यांमधून आशाताई दारोदार हिंडताहेत आणि घरोघरी एकच उत्तर ऐकताहेत : "तिचं करून टाका ना, मला कामावर जायचंय." या आठवड्यात ते मीही ऐकलं. म्हणणारा एमआयडीसीत प्रेसवर काम करतो. दोन लेकरांचा बाप, निर्व्यसनी, बायकोला जपणारा. म्हणूनच ते जास्त लागलं. माझ्या तंबाखूवरच्या आधीच्या लेखानंतर 'तुम्ही पुरुषांच्याच मागे का लागता' असं विचारणाऱ्यांनी हाही लेख त्याच खात्यात धरावा. मला पुरुषांची काळजी वाटते, म्हणून मागे लागतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९-२१ मध्ये झाली. त्यात महाराष्ट्रातल्या विवाहित जोडप्यांपैकी ४९.१ टक्के घरांत बाईची नसबंदी झालेली होती. पुरुषाची ०.४ टक्के घरांत. आधीच्या पाहणीतही पुरुषांचा आकडा ०.४ च होता.

वास्तविक पुरुषाचं ऑपरेशन फारच सोपं. जागा बधिर करतात, बारीक छिद्रातून शुक्रवाहिनी बाहेर घेऊन बंद करतात. पंधरा-वीस मिनिटांचं काम, टाकासुद्धा नाही. त्याच दिवशी घरी, दोन दिवस विश्रांती, आठवडाभर जड उचलायचं नाही. पुढचे तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्याची तपासणी करून घ्यायची, एवढं पथ्य. पुरुषत्वाचं संप्रेरक वाहिनीतून जात नाही, ते थेट रक्तात मिसळतं. म्हणून इच्छा, ताकद, दाढीमिशा, सगळं होतं तसं राहतं. बाईच्या मात्र पोटाला छेद द्यावा लागतो, तोही अनेकदा बाळंतपणाच्या ओल्या अंगावर. २०१४ च्या नोव्हेंबरात छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या शिबिरात एका सर्जनने काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं उरकली. पुढे डझनाहून जास्त बायका गेल्या.

आता आपल्या नगर जिल्ह्याकडे या. आदर्श गाव म्हटलं की राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार, आणि त्यांची सूत्रं आपल्याकडच्या शाळकरी पोरालाही पाठ असतात : श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी. पहिली चार नीट पाहा. ती पुरुषांना अवघड होती. पिढ्यान्‌पिढ्या ज्या रानात गुरं सोडली तिथं ती सोडायची नाहीत, झाडाला हात लावायचा नाही, फुकट घाम गाळून समतल चर खणायचे. हिवरे बाजारात दारूच्या भट्ट्या बंद झाल्या, आणि जिथं दारू पिणं हाच रुबाब होता तिथं न पिणं हा रुबाब झाला. त्याच गावाने लग्नाआधी एचआयव्ही तपासणीचा नियम केला. नवरदेव रक्त तपासून घेतो, आणि त्याने कुणाची मान खाली जात नाही. म्हणजे मर्दपणाची व्याख्या गावाने ठरवलं तर बदलते, आणि ती आपल्याच नगर तालुक्यात बदलली आहे. पाचवं सूत्र तेवढं राहिलं. नसबंदी कुणी करायची हे सूत्र सांगत नाही. राज्यभर पुरुषांनी ते परस्पर बायकांच्या नावावर लावून टाकलं. चार सूत्रांना पुढे होणारा गडी पाचव्याला उंबऱ्याआड का जातो?

आणीबाणीचं कारण हमखास दिलं जातं. खरं आहे, १९७६-७७ मध्ये देशात ८२ लाखांवर नसबंद्या झाल्या, त्यातल्या सुमारे ६२ लाख पुरुषांच्या, आणि त्या जबरदस्तीची दहशत बसली. पण प्रेसवरचा तो तरुण आणीबाणीनंतर वीस वर्षांनी जन्मला. त्याची भीती आणीबाणीची नाही. माझ्या मते ती मनमाड रस्त्याच्या भिंतींवरून आलेली आहे. 'कमजोरी'वर हमखास इलाज सांगणाऱ्या त्या जाहिरातींवर मी पूर्वीही लिहिलंय आणि पुन्हा लिहीन. त्या पुसल्या तर निम्मं काम होईल अशी माझी खात्री आहे. मर्दानगी खरोखर कमी करणाऱ्या गोष्टी म्हणजे तंबाखू, मधुमेह आणि वाढलेला रक्तदाब. त्या रक्तवाहिन्या नासवतात. तंबाखूची पुडी खिशात बिनघोर असते आणि वीस मिनिटांच्या ऑपरेशनला माणूस घाबरतो.

एका बाबतीत मात्र तो प्रेसवाला खरं बोलला. कामावर जायचंय, हे खोटं नाही. सरकारी नोकराला नसबंदीसाठी विशेष रजा मिळते. ठेकेदाराकडच्या कामगाराचा खाडा म्हणजे त्या दिवसाचा पगार गेला. सरकार पुरुषाला १,४५१ रुपये देतं, दारिद्र्यरेषेखालच्या बाईला ६००. आठवडाभर जड काम टाळायचं तर त्या पैशांत भागत नाही. नागापूरच्या कारखानदारांनी आणि ठेकेदारांनी दोन दिवसांची भरपगारी रजा आणि आठवडाभर हलकं काम एवढं दिलं, तर हे कारणही उरणार नाही. त्यांनी ते या पंधरवड्यातच जाहीर करावं.

आणि दुसरं मूल झालेल्या भावांनो, पंधरवडा ४ डिसेंबरला संपला तरी ऑपरेशन नंतरही होतं. सिव्हिलला जा, शंका असतील त्या डॉक्टरांना सरळ विचारा, आणि संमतीच्या कागदावर या वेळी स्वतःची सही करा.