डब्यावरचा आकडा वाचा!



गणपती जवळ आले की नायगाव, परळ, लालबागच्या मंडळांत बैठकांना जोर चढतो. वर्गणीची पावतीपुस्तकं, मांडव, रोषणाई... सगळ्यांवर चर्चा होते. आणि मग एखादा दादा सुचवतो, "यंदा कार्यकर्त्यांसाठी वॉकीटॉकी घेऊ या. ऑनलाइन स्वस्तात मिळतात!"

सूचना काही वाईट नाही. विसर्जनाच्या गर्दीत मोबाइल पटकन लागत नाही. पण पैसे भरण्याआधी मंडळाने एक प्रश्न विचारायला हवा : या यंत्राला आपल्या देशात बोलायची परवानगी आहे का?

"यंत्राला कसली परवानगी?" असं तुम्ही म्हणाल. सांगतो!

नायगावच्या बीडीडी चाळी तुम्हाला माहीत असतील. साधारण शंभर वर्षांपूर्वी बांधलेल्या या ४२ चाळी. आता तिथे पुनर्विकास सुरू झाला आहे. जुन्या चाळीत एका मजल्यावर २० खोल्या, मधून एक लांब वाट आणि संडास सगळ्यांचे मिळून. त्या वाटेत कुणी आपलं कपाट आणून ठेवलं, तर काय होईल? बरोबर, सगळ्यांचीच अडचण! वाट कुणा एकाच्या मालकीची नसते, म्हणून तर ती सांभाळावी लागते.

हवेचंही तसंच आहे बरं का! आपल्या डोक्यावरून रेडिओलहरी सतत धावत असतात. प्रत्येक लहर एका सेकंदात किती वेळा कंप पावते, ती तिची वारंवारता. ती मोजायची हर्ट्झमध्ये. दहा लाख हर्ट्झ म्हणजे एक मेगाहर्ट्झ. या वारंवारतांच्या वाटा वाटून दिलेल्या आहेत. एफएम रेडिओला ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ. विमानांना वेगळी वाट, मोबाइल कंपन्यांना वेगळी, पोलीस आणि अग्निशमन दलाला वेगळी.

हे वाटप आपल्या देशात केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची एक शाखा करते. तिचं नाव वायरलेस प्लॅनिंग अँड को-ऑर्डिनेशन विंग, म्हणजेच डब्ल्यूपीसी. १९५२ साली ती स्थापन झाली. हवेवर कान ठेवणारी तिची केंद्रंही आहेत. त्यांपैकी एक आपल्या मुंबईतच, बोरिवलीला गोराई रोडवर आहे.

आता मंडळाच्या वॉकीटॉकीकडे वळू. ऑनलाइन मिळणारे बरेच स्वस्त संच १३६ ते १७४ आणि ४०० मेगाहर्ट्झच्या पुढच्या बऱ्याच मोठ्या पट्ट्यात बोलू शकतात. बटणं दाबून हवी ती वारंवारता लावायची! पण याच पट्ट्यांत अनेक सरकारी यंत्रणांच्या वाटा आहेत. आणि नायगावात तर पोलिसांचं सशस्त्र दलाचं मुख्यालय आहे.

समजा, दोन संच एकाच वारंवारतेवर एकाच वेळी बोलायला लागले. ऐकणाऱ्याला काय ऐकू येईल? दोघांचं थोडं थोडं? नाही! एफएम पद्धतीच्या संचात जो संदेश जास्त जोरदार पोचतो, तो दुसऱ्याला जवळजवळ पुसूनच टाकतो. म्हणजे हवालदारकाकांच्या शेजारी उभा असलेला तुमचा छोटासा संच दूरच्या नियंत्रण कक्षाचा आवाज दाबून टाकू शकतो. तुम्ही म्हणत असाल, "अरे, प्रसाद संपला, पाठव!" आणि त्याच क्षणी तिकडून कुणी सांगत असेल, "पुलावर गर्दी वाढली, रस्ता बंद करा." तो निरोप पोचलाच नाही तर? गंमत म्हणून दाबलेलं बटण कुणाच्या तरी जिवावर बेतू शकतं.

म्हणूनच वायरलेस यंत्र बाजारात येण्याआधी त्याची परीक्षा होते. ती अशी :

पहिली पायरी : कंपनी सांगते, की आमचं यंत्र अमुक वारंवारतेवर, अमुक शक्तीने चालतं.

दुसरी पायरी : मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुना तपासतात. आपल्या अंधेरीच्या एमआयडीसीत सरकारची ईआरटीएल (वेस्ट) ही इलेक्ट्रॉनिक वस्तू तपासणारी प्रयोगशाळा आहे. वायरलेस यंत्राच्या तपासणीत एक गोष्ट मुद्दाम पाहतात. १५० मेगाहर्ट्झवर बोलणारं यंत्र नीट बनवलेलं नसेल, तर ३०० आणि ४५० वरही थोडं थोडं सांडतं. आमटी वाढताना शेजारच्या पानात शिंतोडे उडावेत, तसं!

तिसरी पायरी : अहवाल ठीक असेल, तर डब्ल्यूपीसीकडून त्या मॉडेलला दाखला मिळतो. त्याचं नाव इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल, थोडक्यात ईटीए.

झालं? अजून नाही. टेलिफोनच्या जाळ्याला जोडायच्या उपकरणांना २०१७ च्या नियमांनुसार टेलिकॉम इंजिनिअरिंग सेंटरचं प्रमाणपत्र लागतं. आणि खेळणं असेल, तर १ जानेवारी २०२१ पासून त्यावर आयएसआय चिन्ह हवंच.

काहींना वाटेल, इतक्या शिक्क्यांची कटकट कशाला? कटकट आहे खरी. लहान कारखानदाराचा त्यात वेळ जातो, पैसा जातो. म्हणून सरकारने काही वाटा सगळ्यांसाठी मोकळ्याही सोडल्या आहेत. २००५ साली २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवान्यातून मुक्त झाला. तुमच्या घरचं वायफाय आणि ब्लूटूथ त्याच पट्ट्यात चालतं. २०१८ च्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ ही छोटीशी वाट कमी शक्तीच्या वॉकीटॉकींना मिळाली. तिथे वापरणाऱ्याला परवाना लागत नाही. यंत्राला मात्र ईटीए हवाच!

आणखी एक गंमत. अमेरिकेत घरगुती वॉकीटॉकी ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात. तिथे ते अगदी कायदेशीर! पण तुमच्या काकांनी तोच संच बॅगेत घालून नायगावात आणला, तर इथे ती वाट मोकळी नाही. यंत्र तेच, गाव बदललं की नियम बदलतो.

आजी-आजोबांना विचारा, त्यांच्या लहानपणी घरात साधा रेडिओ ठेवायलाही परवाना लागायचा. पोस्टात जाऊन दरवर्षी पैसे भरायचे. १९३३ च्या कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय वायरलेस यंत्र जवळ बाळगणंसुद्धा गुन्हा होता. रेडिओचा तो परवाना १९८० च्या दशकात बंद झाला. पुढे २०२३ साली नवा दूरसंचार कायदा मंजूर झाला आणि जून २०२४ पासून तो टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागला.

पण कायदा असला, म्हणजे सगळे पाळतात असं थोडंच आहे? मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकीटॉकी विकणाऱ्या १३ ऑनलाइन बाजारांना नोटिसा पाठवल्या. वारंवारता कोणती, परवाना लागतो का, ईटीए आहे का, हे गिऱ्हाइकाला नीट सांगितलंच जात नव्हतं! त्याच वर्षी त्यासाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वंही आली.

तेव्हा पालकांनो, तुम्हीही ऐका. लॅमिंग्टन रोडच्या दुकानातून घ्या नाहीतर घरबसल्या मागवा, दोन गोष्टी आधी पाहा : वारंवारता आणि ईटीए. विक्रेता सांगत नसेल, तर वस्तू परत ठेवा. मंडळाला जास्त लांब बोलणारे संच हवेच असतील, तर रीतसर परवान्यासाठी अर्ज करता येतो.

आणि ज्यांना हवेत बोलायची खरी हौस आहे, त्यांच्यासाठी आनंदाची बातमी! १२ वर्षं पूर्ण झाली की हॅम रेडिओच्या परवान्यासाठी परीक्षा देता येते. पास झालात, की तुम्हाला स्वतःचं सांकेतिक नाव मिळतं आणि जगभरच्या हौशी मंडळींशी राजरोस गप्पा मारता येतात.

या आठवड्यात करून पाहा : घरातले इअरफोन, रिमोटची गाडी, राउटर यांचे खोके किंवा माहितीपत्रकं शोधा. कशावर कुठली वारंवारता लिहिली आहे, ते वहीत मांडा. २.४ किती वेळा येतं, ते मोजा. आणि मंडळाच्या पुढच्या बैठकीत त्या दादाला विचारा, "दादा, आपल्या वॉकीटॉकीचा आकडा काय?"