खाटेपुरता विमा

पीकविम्याचे नियम हिंगोली जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला लागत नाहीत. सोयाबीनमध्ये पाणी साचले की ७२ तासांच्या आत कळवायचे, पावती जपून ठेवायची, पंचनाम्याच्या दिवशी बांधावर हजर राहायचे, हे २०२४ पर्यंतचे नियम सेनगाव-औंढ्याच्या वाडीवस्तीवरही पाठ होते. ठेचा खाऊन आलेले हे शहाणपण. तोच शेतकरी छातीत कळ येऊन रात्री नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये उतरतो, तेव्हा खिशात आयुष्मान कार्ड असते आणि मुलगा काउंटरवर विचारत असतो, ‘हे इथं चालतं का?’ चालत नाही, असे उत्तर आले की अनामत रकमेची जुळवाजुळव सुरू होते. पुढचे सांगायला नको. घरात ठेवलेली हळद मिळेल त्या भावाने बाजारात जाते.

वास्तविक कागदावर या जिल्ह्यातले जवळपास प्रत्येक घर विम्याखाली आहे. २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली आणि पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य झालेली योजना १ जुलै २०२४ पासून शिधापत्रिकेचा रंग न पाहता सर्वांना खुली झाली. कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाचे संरक्षण पाच लाखांवर गेले. शेतकरी आत्महत्यांमुळे निवडलेल्या १४ जिल्ह्यांत हिंगोली असल्याने इथल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्याला तर दीड लाखाचे संरक्षण आधीपासूनच होते. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राचे वय वंदना कार्ड आले, त्याला उत्पन्नाची अट नाही. एवढे सगळे असून माणूस काउंटरवर अडतो, कारण या योजनांचा पैसा ठरलेल्या आजारांना, ठरलेल्या रुग्णालयांत आणि भरती झाल्यावरच मिळतो. ताप, खोकला, गुडघेदुखी, रोजची शुगरची गोळी यांना तिथे जागा नाही. थोडक्यात, विमा खाटेचा आहे. दवाखान्याच्या बाकड्याचा नाही.

आणि आपले निम्मे आयुष्य त्या बाकड्यावर जाते. सरकारी दवाखान्यात १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे लागत नाहीत, हे खरे. पण शेतातून माणूस दिवेलागणीला परततो, तेव्हा आरोग्य केंद्राची ओपीडी उरकलेली असते. मग जवळा बाजार, आखाडा बाळापूर, कुरुंदा, गोरेगाव इथल्या पेठेतला बीएएमएस किंवा बीएचएमएस डॉक्टरच त्याचा घरचा डॉक्टर ठरतो. तीन पिढ्यांची नाडी त्याला ठाऊक असते, उधारी त्याच्याकडे चालते, आणि हा गॅस आहे की हृदय हे तो पुष्कळदा ईसीजीच्या आधी ओळखतो. मात्र त्याच्याकडचे सगळे ज्ञान डोक्यात असते, कागदावर नसते. तारीख नसलेली चिठ्ठी, नाव न लिहिलेल्या पुड्या, पावतीचा पत्ता नाही. रुग्णही काही कमी नाही. ‘डॉक्टर, एक सलाईन लावूनच टाका’ हा आग्रह त्याचाच असतो आणि त्या बाटलीला तो न कुरकुरता पैसे मोजतो. रक्तदाब नुसता मोजून देण्याचे पैसे मागितले तर मात्र त्याच्या कपाळाला आठ्या पडतात.

कागदाच्या या अभावाची खरी किंमत खासगी पॉलिसीवाल्यांना कळते. नोकरदार, व्यापारी आणि आता बरेच बागायतदारही अशी पॉलिसी घेतात. प्रस्ताव अर्ज एजंट भरतो, ‘काही आजार आहे का’ या रकान्यात बेधडक ‘नाही’ लिहितो आणि घेणारा सही ठोकतो. दोन वर्षांनी रात्री दाखल होताना ड्युटीवरचा डॉक्टर विचारतो, बीपी कधीपासून? घाबरलेला भाऊ सांगतो, ‘लई वर्षांपासून.’ केसपेपरवर त्याचे ‘१० वर्षे’ होते आणि तेवढ्या एका ओळीवर दावा फेटाळला जातो. रक्तदाब पॉलिसीनंतर निघाला असेल, तर ते सिद्ध करणारी तारीखवार नोंद फक्त घरच्या डॉक्टरकडे असायला हवी होती. तिथे ती नसते. आजार आधीचाच असेल तर तो अर्जात लिहिणे हाच पक्का मार्ग. एप्रिल २०२४ पासून अशा आजारांसाठीची प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षांवर आली आहे आणि सलग ६० महिने हप्ते भरल्यावर सिद्ध झालेल्या फसवणुकीखेरीज कंपनीला जुन्या माहितीवरून दावा नाकारता येत नाही. खोलीच्या भाड्याची मर्यादाही वाचायला हवी. महागडी खोली घेतली तर फक्त भाड्यातला फरक नव्हे, त्या प्रमाणात बिलातल्या इतर काही बाबीही कापल्या जातात. रुग्णालय कोणते, हेही पाहावे लागते. त्याची रीतसर नोंदणी हवी. ती नसेल तर आपल्यासारख्या गावांत किमान १० खाटा आणि दिवसरात्र परिचारिका-डॉक्टर अशा अटी विमा कंपन्या लावतात. नोंदणीशिवाय घरामागे चार खाटा टाकून चालवलेले ‘हॉस्पिटल’ यात बसत नाही. कंपनीने तक्रारीची दाद घेतली नाही तर पुण्यात विमा लोकपाल आहे. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.

विमा आणि घरचा डॉक्टर यांची गाठ कधी पडलीच नाही असेही नाही. १९४८ च्या कायद्याने आलेल्या कामगार राज्य विमा योजनेत मुंबईच्या गिरणी कामगाराला वस्तीतलाच पॅनेल डॉक्टर मिळत असे आणि त्या डॉक्टरला नोंदवलेल्या माणसामागे वर्षाची ठरावीक रक्कम मिळे. त्याच वर्षी ब्रिटनने आपली आरोग्य सेवा अशाच घरगुती डॉक्टरांच्या खांद्यावर उभी केली. पॅनेल डॉक्टरविषयी कामगारांच्या तक्रारी ढीगभर होत्या, हे मान्य. तरीही बाकड्यावरच्या उपचारालाही विम्याचा पैसा लागतो, हे तत्त्व या राज्याने तेव्हा मान्य केले होते. आज मधुमेहाच्या गोळीला पैसा नाही, आणि ती न घेतल्याने बिघडलेल्या मूत्रपिंडाच्या डायलिसिसला आहे. याला काटकसर म्हणायचे असेल तर म्हणावे.

घरच्या डॉक्टरला देवही मानू नये. मोठ्या शहरातल्या रुग्णालयाकडे रुग्ण पाठवून टक्केवारी घेणारे याच पेठेत आहेत. अशा ‘कट’ला आळा घालण्यासाठी राज्याने २०१७ मध्ये कायद्याचा मसुदा केला, तो मसुदाच राहिला. आपल्या डॉक्टरने दिलेल्या चिठ्ठीवरचे रुग्णालय जन आरोग्य योजनेत आहे का, हे रुग्णाने गाडीत बसण्याआधी १५५३८८ या क्रमांकावर विचारावे. सचोटीच्या डॉक्टरला त्याचा राग येणार नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये हिंगोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. १०० जागांची ती पहिली तुकडी डॉक्टर होऊन बाहेर पडायला २०३० उजाडेल, आणि त्यातले किती जण सेनगावात दवाखाना थाटतील हे सांगायला ज्योतिषी नको. तोवर आहे त्या डॉक्टरांना धरूनच काम करावे लागेल. योजनेची माहिती देणारा आरोग्यमित्र रुग्णालयाच्या आत टेबल मांडून बसतो, म्हणजे माणूस चुकीच्या रुग्णालयात गेला तर भेटतच नाही. त्याला आठवड्यातून एकदा बाजाराच्या गावी बसवावे. कोणत्या आजाराला कोणते रुग्णालय, याची यादी प्रत्येक ग्रामपंचायतीत, आरोग्य केंद्रात आणि खासगी दवाखान्याच्या भिंतीवरही लावावी, हळदीचे रोजचे भाव लिहितात तशी ठळक. ती दर तिमाहीला बदलावी. रक्तदाब-शुगरच्या रुग्णाला तारीख आणि सही असलेली वही द्यावी, असे तालुक्यातल्या डॉक्टर संघटनांना बोलावून ठरवावे. ओपीडीला विम्याचा पैसा देण्याचा निर्णय मुंबई-दिल्लीत व्हायचा तेव्हा होईल. वर सांगितलेल्या कामांना जिल्हाधिकाऱ्यांचे एक परिपत्रक आणि दोन बैठका पुरतात, आणि त्या खरीप बैठकीइतक्याच गांभीर्याने घ्यायला कुणाची मंजुरी लागत नाही.