जन्माआधीचा अभ्यास

गाय व्यायली की तासा-दोन तासांत वासरू लटपटत उभं राहतं, पडतं, पुन्हा उठतं आणि नाकाने चाचपत कासेला लागतं. हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं. चारपायी यंत्रमानवाला चालायला शिकवायचं, तर संगणकातल्या आभासी जगात त्याला असंख्य वेळा धडपडू द्यावं लागतं. वासराची ती धडपड पूर्वजांनी कोट्यवधी वर्षांत उरकून ठेवलेली असते.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चर्चेत हा मुद्दा फारसा निघत नाही. तिथे आणखी माहिती, आणखी चिप्स, आणखी वीज हाच धोशा असतो. माणसाचा मेंदू जेमतेम २० वॅटवर चालतो. त्याची बांधणीही पाहावी. आपल्या जनुकसंचात सुमारे ३ अब्ज अक्षरं आहेत. ती साठवायला पाऊण जीबी पुरते. मेंदूत मात्र सुमारे ८६ अब्ज चेतापेशी, आणि त्यांच्यातल्या जोडण्या त्याच्या कितीतरी पट. हा सगळा नकाशा पाऊण जीबीत मावणं शक्यच नाही. पुढच्या पिढीच्या हाती पडतात ते फक्त जोडणीचे नियम. कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेतल्या अँथनी झेडोर यांनी २०१९ मध्ये मांडलं, की जनुकांची ही चिंचोळी वाटच उपकारक असावी. जे खरोखर कामाचं, तेवढंच तिच्यातून पार होतं. मला हा विचार फार मोलाचा वाटतो. प्रचंड मजकूर वाचून तयार होणं हीच यंत्रांची उत्क्रांती, असं काही जण म्हणतात. पण त्यात ती चिंचोळी वाट कुठे आहे?

ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रौढ फळमाशीच्या मेंदूचा संपूर्ण नकाशा प्रसिद्ध झाला. १,३९,२५५ चेतापेशी, खसखशीच्या दाण्याहून लहान ऐवज. तेवढ्यावर ती पिकलेलं केळं वासाने हुडकते आणि आपला हात पोचण्याआधी निसटते.

निसर्गाकडून यंत्रांनी उसनं घेतल्याचा दाखला जुना आहे. १९५८ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल मांजरीला काचपट्टीवरचे ठिपके दाखवत होते. तिच्या मेंदूतली पेशी ढिम्म होती. पट्टी सरकवताना मात्र ती एकदम तडतडली. तिला जाग आणली होती काचेच्या कडेच्या पुसट सावलीने, एका विशिष्ट कोनातल्या रेघेने! त्या शोधाच्या आधारे कुनिहिको फुकुशिमा यांनी १९८० मध्ये अक्षरं ओळखणारं चेताजाल रचलं. चित्रं ओळखणाऱ्या आजच्या अनेक यंत्रणांचा वंश तिथवर पोचतो. ह्यूबेल-वीझलना यंत्र बनवायचं नव्हतं. मांजरीला कसं दिसतं, एवढंच त्यांना हवं होतं.

अशा संशोधनाला आज ‘याचा उपयोग काय?’ असं विचारलं जातं, तेव्हा मला काळजी वाटते. म्हणून या दिवाळी अंकात यंत्रांपेक्षा अधिक पानं मधमाश्या, कावळे आणि ऑक्टोपस यांना दिली आहेत.